आईने माइकवर घेतलेलं नाव

समस्त सज्जनांस, सीताबर्डीवरील व्यापारी मंडळींस आणि आमच्या यच्चयावत नातेवाइकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सत्तरचं दशक अर्धंअधिक उलटलं असताना, एका शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, भर बर्डीवर, मंडप घालून आणि सतरंज्या अंथरून भरलेल्या सभेत, वॉर्ड ऑफिसचे साहेब, एक वयोवृद्ध कापड दुकानदार आणि दोन सनईवाले यांच्या समक्ष सौ. सरस्वताबाई गुलाबराव चौधरी यांनी माइकवरून एक शब्द उच्चारला.

तो शब्द ऐकून एका सनईवाल्याने तोंडातली सनई काढून मांडीवर ठेवली. कापड दुकानदारांनी कानाला हात लावला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ हळूच उठले, चपला हातात घेऊन मंडपाबाहेर पडले, तडक मोटारस्टँडवर गेले आणि कळमेश्वरच्या गाडीत बसले. तिथे चुलतभावाकडे त्यांनी चार दिवस काढले. हे गृहस्थ म्हणजे श्री. गुलाबराव चौधरी, माझे वडील.

आणि सौ. सरस्वताबाई म्हणजे माझी आई.

शब्द मी सांगणार आहे. जरा दम धरा. तो सांगण्याआधी आईनेही पदर सावरला होता.

आईची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ती कोणतीही गोष्ट आडून बोलत नसे. उभ्या आयुष्यात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही. उखाण्यातसुद्धा 'ह्यांचं' म्हणून वेळ मारून न्यायची. पण नवरा सोडला तर जगातल्या यच्चयावत वस्तूंची नावं ती खणखणीत घ्यायची. "नाव घेतल्याबिगर काम होत नाही," हे तिचं ब्रीद. आमच्या मोहल्ल्याच्या नालीत एकदा डुक्कर मरून पडलं होतं. शेजाऱ्यांनी वॉर्ड ऑफिसला 'मृत जनावराबाबत' अर्ज दिला. तीन दिवस कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी आई स्वतः गेली आणि भरल्या ऑफिसात, डबे उघडून बसलेल्या बाबूंच्या मधोमध उभी राहून त्या डुकराचं सद्यःस्थितीचं वर्णन तिने केलं. पोटापासून सुरुवात केली. अर्ध्या तासात गाडी आली. डबे म्हणे सगळ्यांनी तसेच घरी नेले.

गटाराचं झाकण चोरीला गेलं तेव्हा तर कहरच झाला. अर्ज करून आठवडा झाला, झाकण येईना. कोणाचं लेकरू आत पडेल म्हणून आईने गटारावर एक फळी टाकली, फळीवर पाट ठेवला आणि त्यावर सूप घेऊन ती स्वतःच बसली. तांदूळ निवडले तिथे, मेथी निवडली तिथे, शेवया वळल्या तिथे. पाहुणे घरी यायचे आणि विचारायचे, "आई कुठे आहे रे?" मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत सांगायचो, "गटारावर." पाचव्या दिवशी माझे मोठे मामा आले. बहिणीला तसं बसलेलं पाहून त्यांच्या हातातली संत्र्यांची टोपली खाली पडली. आईने त्यांना तिथेच बसवलं, तिथेच चहा पाजला आणि म्हणाली, "दादा, तू आलाच आहे तर उद्या सकाळची पाळी तुझी." दुसऱ्या दिवशी झाकण आलं. मामांचा वॉर्ड ऑफिसवरचा विश्वास तेव्हापासून अढळ झाला.

तिची कामाची रीतही जगावेगळी. अर्जावर सह्या गोळा करायला ती दारोदार जात नसे. उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या बायका आमच्या अंगणात पापड लाटायला जमल्या की ती हळूच कागद पुढे सरकवायची. सगळ्यांचे हात तेलाचे, पिठाचे. त्यातच अंगठे उठायचे. त्यामुळे आमच्या मोहल्ल्याच्या अर्जांना हिंगाचा वास यायचा. वॉर्ड ऑफिसचे मोहगावकर साहेब म्हणजे अतिशय मऊ, सभ्य गृहस्थ. टपालाचा गठ्ठा हातात घेताच त्यांचं नाक हलायचं आणि ते शिपायाला म्हणायचे, "आल्या."

आई चौथी पास होती. अक्षराला अक्षर लावून वाचायची, पण त्याला वेळ लागायचा, आणि लिहायचा तिला कंटाळा. म्हणून अर्ज मी लिहायचो. ती पोळ्या लाटत सांगायची, मी लिहायचो आणि मग मोठ्याने वाचून दाखवायचो. तिचा हुकूम ठरलेला: "भाषा तुही ठेव, पण शब्द माह्ये ठेव." मी कॉलेजात होतो, एकोणीस वर्षांचा होतो आणि मला भाषा येते असा माझा समज होता. मी 'मेलं' खोडून 'मृत' करायचो. वाचताना ती पकडायची. "काहून रे, त्या डुकराची पुण्यतिथी करून राहिला का तू?"

आता पार्वताकडे येऊ.

पार्वता बर्डीवर भाजी विकायची. आईची आणि तिची बारा वर्षांची ओळख, आणि त्या बारा वर्षांत दोघी एकमेकींशी एकदाही नीट बोलल्या नव्हत्या. दर शुक्रवारी भांडण. सांबाराच्या जुडीवरून, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "ही जुडी आहे का शेंडी आहे वं?" असं आई म्हणायची. पार्वता म्हणायची, "बाई, तुमाले सांबार नाही पाह्यजे, तुमाले भांडन पाह्यजे. ते फुकट नेऽ जा." पिशवी धरून मी बाजूला उभा असायचो आणि ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून चारही दिशांना पाहत असायचो.

एका शुक्रवारी पार्वता दिसली नाही. पुढच्याही शुक्रवारी नाही. तिसऱ्या शुक्रवारी ती आली, पण अर्धी झालेली. आईने भांडणाला सुरुवात केली, तर समोरून उत्तरच येईना. आई खाली बसली. पार्वताला मूतखडा झाला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, पाणी पी, तांब्या-तांब्या पी, दिवसभर पी, नाहीतर पुन्हा होईल, आणि पुन्हा झालं तर कापावं लागेल.

"मंग पे ना," आई म्हणाली.

पार्वताने आजूबाजूला पाहिलं. दुकानं, सायकल रिक्षे, पानठेले, माणसंच माणसं. मग अगदी हळू म्हणाली, "पानी पेऊ अन् जाऊ कुठी, बाई? सकाळी सातले येतो, दिवेलागनीले जातो. तहान लागली का लुगड्याचा पदर ओला करून तोंडाले लावतो, बस."

त्या दिवशी आईने दोन जुड्या मुकाट्याने घेतल्या. मला धक्का बसला. घरात शिरताच ती माठाजवळ गेली आणि उभ्याउभ्याच चार पेले पाणी प्यायली. बर्डीवरून आल्यावर ती असं पाणी प्यायची हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. ऊन लागतं म्हणून, असं मला वाटायचं. त्या दिवशी बाहेर आभाळ होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की बाजारात मी उसाचा रस प्यायचो, लस्सी प्यायचो, आणि आईच्या हातात मी कधी पेला पाहिलाच नव्हता.

रात्री तिने कागद घ्यायला सांगितला. "लिही. बर्डीवर बायांसाठी मुतारी बांधा."

हाच तो शब्द.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पण तो काळ आठवा. ज्या शहराच्या भिंतीभिंतीवर 'येथे लघवी करू नये' असं हातभर अक्षरात रंगवलेलं होतं, आणि पुरुष मंडळी ते वाचत वाचतच तिथे उभी असायची, त्या शहरात बायकांनाही तशी काही गरज असते हे बोलणं म्हणजे आकाश कोसळणं होतं. आमच्या घरात बायका 'जाऊन येते' म्हणायच्या. कुठे, ते देवाला माहीत.

माझा पेन थांबला. हा अर्ज माझ्या अक्षरात जाणार होता. मोहगावकर साहेबांची मुलगी आमच्याच कॉलेजात होती. तिच्याशी मी आजवर एकदाही बोललो नव्हतो, पण बोलणार होतो. एका आयुष्याचा प्रश्न होता. आणि मी पाप केलं. आई सांगत गेली ते मी मान डोलावत ऐकलं, आणि कागदावर लिहिलं: 'बर्डीवर दिवसभर बसणाऱ्या महिला तहानेने व्याकूळ असतात. त्या पाणी पिऊ शकत नाहीत. तरी त्यांची योग्य ती सोय व्हावी, ही नम्र विनंती.' वाचून मात्र आईचेच शब्द दाखवले, मुतारीसकट, न अडखळता. आईने खूश होऊन सही केली. "आज एकही शब्द नाही बदलला," म्हणाली. बायकांचे अंगठे घेऊन अर्ज गेला, हिंगाच्या वासासकट.

दोन महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं. आपल्या अर्जानुसार महिलांची सोय करण्यात आली आहे, शुक्रवारी उद्घाटन आहे, प्रमुख पाहुण्या म्हणून यावे. मला वाटलं, बघा, सभ्य भाषेची ताकद! न बोलता साहेबांना समजलं. मी आठ दिवस छाती काढून फिरलो.

आईने मोहल्ल्यातल्या बायकांना रिक्षे करून नेलं. पार्वता ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. बाबांना आईने बळजबरीने आणलं होतं. सनई वाजली, कापड दुकानदारांनी पडदा ओढला, आणि आत होती लाल फडक्यात गुंडाळलेल्या दोन रांजणांची पाणपोई. पाठीमागे संगमरवरी पाटी, दुकानदारांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. रांजणाशी हातात झारी घेऊन एक म्हातारा, गणपतबुवा, नव्या धोतरात.

मी समोरच्या माणसाच्या पाठीआड सरकलो.

पार्वताने रांजणांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आणि तोंडाला पदर लावून ती हसायला लागली. ते हसू फार वाईट होतं.

साहेबांनी आईला माइक दिला. आईने तो हातात घट्ट धरला. मग तिने पदर सावरला.

"साहेब, पाणी चांगलं आहे," ती म्हणाली. "पण ह्या बाया पाणी नाही म्हणून तहानल्या नाहीत. जायले जागा नाही म्हणून तहानल्या आहेत. आमच्या खेड्यात बाईले निदान शेत होतं. तुमच्या शहरात तेही नाही. मी पाणपोई नाही मांगतली. मी मुतारी मांगतली."

पुढचं तुम्हाला सांगून झालंच आहे: सनई, कान, चपला, कळमेश्वर.

साहेब लालबुंद झाले. पण माणूस व्यवस्थित. त्यांनी फाइल मागवली, अर्ज काढला आणि शक्य तितक्या नरमाईने म्हणाले, "बाई, तुमच्या अर्जात तसं कुठेच नाही. पाहा." आणि कागद आईच्या हातात दिला.

आई वाचू लागली. अक्षराला अक्षर लावून. सभा थांबली होती. मी तिसऱ्या रांगेत होतो, आणि आपण लहान होत होत सतरंजीच्या रेषेत नाहीसे व्हावे असा प्रयत्न करत होतो. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, 'नम्र विनंती'पर्यंत. मग मान वर करून तिने मला शोधलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. नाव घेतल्याबिगर तिचं काम कधीच झालं नव्हतं.

तिने कागदाची घडी केली. "चूक माही आहे," ती माइकवर म्हणाली. "लेकरानं जसं सांगतलं तसंच लिहिलं. मीच नीट नाही सांगतलं."

मी जन्मभर अनेकांना सांगत आलोय की मी त्या दिवशी उभा राहिलो आणि खरं बोललो. तो साफ खोटेपणा आहे. मी बसून राहिलो.

त्यानंतर आमच्या घराचं जे झालं ते विचारू नका. दूधवाला आईकडे न पाहता दूध ओतायचा. अर्धं बाहेर जायचं. माझ्या बहिणीसाठी येऊ घातलेलं एक स्थळ वर्ध्याहून परत फिरलं. कॉलेजात माझं नामकरण झालं. ते मी इथे छापणार नाही, आणि साहेबांच्या मुलीशी बोलण्याचा प्रश्न कायमचा मिटला. बाबा चौथ्या दिवशी परत आले, टोपी खुंटीला अडकवली, जेवायला बसले आणि दुसऱ्या घासाला म्हणाले, "झाली का बांधून?" वर्षानुवर्षं ऑफिसात मान खाली घालून काम केलेल्या त्या माणसाचं तेवढंच भाषण.

मी आईच्या शिव्यांची वाट पाहत होतो, चार दिवस पाहिली. पाचव्या दिवशी तिने पोळपाट बाजूला सरकवला आणि माझ्यापुढे कागद ठेवला. मी लिहिला तो शब्द.

"मोठा लिही," ती म्हणाली. "त्याईले चष्मा लागते."

मग दीड वर्ष. आई दर सोमवारी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसायची. साहेब तिच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवायला लागले. जागा मिळाली तर नकाशा नाही, नकाशा मिळाला तर इंजिनिअर नाही. मधल्या काळात पार्वता आणखी एकदा दवाखान्यात जाऊन आली. त्या सोमवारी आई साहेबांना काय बोलली ते कोणी सांगितलं नाही, पण पुढच्या सोमवारी विटा पडल्या.

शेवटी ती बांधून झाली. पाणपोईला अगदी लागून. पत्र्याचं दार, वर 'स्त्रिया' अशी पाटी. उद्घाटन नाही, सनई नाही. अशा गोष्टीचं उद्घाटन कोण करणार? शिपाई येऊन कुलूप काढून गेला, तेवढंच. मी तोवर नोकरीला लागलो होतो. मी रजा घेऊन गेलो, इस्त्रीची पँट, बुशशर्ट.

आई होती, पार्वता होती, आणखी सहा-सात भाजीवाल्या होत्या. आणि समोर अख्खी बर्डी होती. पानठेल्यावरचे, रिक्षावाले, कापड दुकानातले नोकर, सगळे दाराकडे डोळे लावून उभे. कोण बाई जाते पाहू, असं. एकही बाई हलेना. सगळ्या आईकडे पाहू लागल्या.

आई एक पाऊल पुढे गेली आणि थांबली. पदराचं टोक तिने मुठीत पिळून धरलं होतं. कान लाल झाले होते. ती मागे आली.

मी पाहतच राहिलो. माझी आई लाजत होती. डुकराचं पोट, गटारावरचा पाट, माइक. मला वाटत आलं होतं की ह्या बाईला लाज हा प्रकारच नाही. तर प्रत्येक वेळी ती होती. प्रत्येक वेळी ती अशीच पदर पिळत असणार आणि तरीही एकटीच पुढे जात असणार. आणि तिच्याबरोबर जो असायला हवा होता, तो तिचा अर्ज लिहिणारा मुलगा सभ्य शब्द शोधत बसला होता.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी पार्वताच्या टोपलीमागे जाऊन उभा राहिलो, सांबाराची जुडी हातात उंच धरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सांबाऽऽर! ताजं सांबाऽऽर! भेदरं घ्या, वांगे घ्या!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. इस्त्रीच्या पँटीतला बाबू रस्त्यावर भाजी विकतोय म्हटल्यावर पानठेला वळला, रिक्षावाले वळले, कापड दुकानातून माणसं बाहेर आली. माझ्या ऑफिसातले दोघे होते त्यात. मी टोमॅटो, म्हणजे आमच्याकडची भेदरं, उडवून झेलायला लागलो. एक फुटला. लोक हसत होते. अख्ख्या बर्डीची पाठ त्या दाराकडे झाली.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी पाहिलं. आईने हात पुढे केला. "चाल वं, पार्वता," म्हणाली, आणि दोघी हातात हात धरून आत गेल्या. मग दुसऱ्या दोघी. मग उरलेल्या.

घसा बसेपर्यंत मी ओरडत राहिलो. बाहेर आल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं, बुशशर्टावरचा टोमॅटो पाहिला. पार्वताला घेऊन ती तशीच पाणपोईसमोर गेली आणि दोघींनी ओंजळी पुढे केल्या.

गणपतबुवा झारी उचलायचीच विसरले. मग त्यांनी धार धरली. आई प्यायली, पार्वता प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. हनुवटीवरून पाणी गळत होतं, लुगडं भिजत होतं, आणि मागे भाजीवाल्यांची रांग लागली होती. म्हातारा धार धरून त्यांच्याकडे पाहतच राहिला होता, आणि शेवटी त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "दीड वर्स झालं मले इथं बसून, माय, पन पानी मांगनारी बाई आज पह्यल्यांदा पाहून राह्यलो!"